नांव आणि शब्द

(आकाशवाणीवरून झालेलें भाषण)



मुलाचें नांव काय ठेवावें हा प्रश्न पूर्वीं फारसा पडतच नसे. आजोबा वारलेले असले तर आजोबांचें, नाहीं तर कुलदेवतेचें, तेंही नाहीं तर ज्या सणाच्या आसपास मूल जन्मलें त्या सणाच्या देवाचें. बाराव्या दिवशीं पाळणा बांधावा, आत्यानें बाळाच्या कानांत ‘कुर्र’ करावें, आणि घुगऱ्या घेऊन शेजारणींनीं आपापल्या घरीं जावें. आतां तसें राहिलें नाहीं. माझ्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज बाप झाले आहेत. कोणी सुरतेस आहेत, कोणी पुण्यास, कोणी येथेंच नंदुरबारच्या बाजारांत दुकान चालवितात. घरीं मुलगा झाला म्हणजे त्यांना गुरुजींची आठवण होते. नांव दोन-तीन अक्षरी असावें, गल्लींत दुसऱ्या कोणाचें नसावें, त्याला अर्थ असावा, आणि देवाचें नसून साधा आपल्या भाषेंतला शब्दच असला तर अधिक बरें, अशी त्यांची मागणी असते. नांवाचें नांव आणि शब्दाचा शब्द, असा हा जो आग्रह आहे, त्याविषयीं आज मी आपणांशीं चार गोष्टी बोलणार आहें.

तसें पाहिलें तर प्रत्येक नांव हा मुळांत शब्दच होय. परंतु राम, गोविंद, माधव हे शब्द शेंकडों वर्षांच्या वापरानें इतके गुळगुळीत झाले आहेत कीं ते उच्चारतांना कोणालाही त्यांचा अर्थ ऐकूं येत नाहीं. मागच्या शतकांत मात्र आपल्याकडे निराळी रीति सुरू झाली. बाबा आमटे यांचें स्वतःचें नांव मुरलीधर; त्यांच्या दोन मुलांचीं नांवें विकास आणि प्रकाश. सावरकरांचें नांव विनायक. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत असतां त्यांनीं मुलाचें नांव विश्वास ठेविलें आणि मुलीचें प्रभात. एका पिढींत देव मागें सरला आणि शब्द पुढें आला. पाळण्याजवळ उभें राहून बापानें आपली आशाच मुलाच्या कानांत सांगावी असा हा प्रकार आहे. मला तो आवडतो. परंतु त्यांत जोखीमही आहे, आणि ती बापाला नव्हे, मुलाला सोसावी लागते.

पहिली जोखीम अर्थाची. बसस्थानकावर ‘मुलामुलींचीं नांवें’ या मथळ्याचीं पातळ पुस्तकें मिळतात आणि हल्लीं तींच नांवें हातांतल्या फोनवरही पाहावयास मिळतात. त्यांत नांवापुढें जो अर्थ छापलेला असतो त्यावर विसंबूं नये. ‘आरव’ या नांवापुढें ‘शांत’ असा अर्थ मीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिला आहे. संस्कृतांत आरव म्हणजे आवाज, ओरडा! लहान मुलाला तें शोभत नाहीं असें मी म्हणत नाहीं. पहिलीं दोन वर्षें तरी तें नांव सार्थच ठरेल. ‘अनिकेत’ हें नांव आपल्याकडे चांगलें रुळलें आहे; त्याचा अर्थ ज्याला घर नाहीं असा तो. विरक्त भक्ताचें तें लक्षण आहे, म्हणून नांव थोरच. मात्र नव्या बंगल्याच्या वास्तुशांतींत आणि बारशांत आठ दिवसांचें अंतर असतां जो बाप तें नांव निवडतो, त्यानें आधीं एकदां शब्दकोश उघडलेला बरा.

दुसरी जोखीम शेजारच्या भाषेची. आपल्या जिल्ह्यांत ती विशेष आहे. नंदुरबारच्या एकाच गल्लींत मराठी, गुजराती, हिंदी आणि अहिराणी कानावर पडतात. तळोदें, अक्कलकुवा, धडगांव या बाजूस गेलें कीं भिली आणि पावरी, नवापुराकडे मावची. एका भाषेंतला सोज्वळ शब्द दुसऱ्या भाषेंत भलतेंच बोलूं लागतो. हिंदींत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. मराठींत काय तें आपण जाणतां. हिंदींत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. ती आमच्या शाळेंत आली कीं छडी होते. एका गृहस्थांनीं मला विचारलें कीं मुलाचें नांव ‘अवकाश’ ठेवलें तर कसें? शब्द सुंदर आहे, विशाल आहे. परंतु मराठी मनुष्य ‘अजून अवकाश आहे’ म्हणतो तेव्हां काम लांबणीवर पडलेलें असतें, आणि हिंदी शाळेच्या दारावर ‘अवकाश’ असें लिहिलें असलें म्हणजे शाळेला सुटी असते. त्यांनीं विचार बदलला.

तिसरी गोष्ट जोखमीची नव्हे, गमतीची आहे, आणि व्याकरण शिकविणाऱ्याला ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शब्दाचें नांव झालें कीं मराठी भाषा त्याला निराळें वागविते. दिव्याविषयीं बोलतांना आपण ‘प्रकाशानें डोळे दिपले’ असें म्हणतों. शेजारच्या मुलाविषयीं बोलतांना ‘प्रकाशनें दिवा लावला’ असें म्हणतों. सागराला भरती येते, सागरला ताप येतो. शब्दाचें सामान्यरूप होतें, नव्या नांवाचें होत नाहीं. जुन्या देवादिकांच्या नांवांचें मात्र होतें. रामानें, गोविंदाला, कृष्णाचा असें आपण अजून म्हणतों. लिंगाचेंही तसेंच. ‘यश’ हा शब्द नपुंसकलिंगी. यश आलें म्हणजे कार्य तडीस गेलें. यश आला म्हणजे मुलगा शाळेंतून घरीं आला. एवढ्याशा मात्रेनें भाषा माणूस आणि वस्तु यांत भेद करिते, आणि हें कोणाला शिकवावें लागत नाहीं. चार वर्षांचें मूलही तें बिनचूक बोलतें.

पण हजेरी घेतांना विभक्ति नसते, आणि तेथें शब्द उघडा पडतो. विवेक आज गैरहजर आहे. विनय मागच्या बाकावर बसून मारामारी करतो. संतोष सकाळपासून रडत आहे. वर्ग हंसतो. माझा अनुभव असा कीं हें हंसें जूनमध्यें सुरू होतें आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत विरून जातें. मग त्या नांवांत मुलांना केवळ तो मुलगा दिसूं लागतो. तेवढे चार-पांच महिने मुलाला सोसतील असा शब्द असावा. म्हणून जे विचारतात त्यांना मी सांगतों कीं निवडलेला शब्द चार वाक्यांत घालून पाहा: तो आला, तो गेला, तो हरवला, तो नापास झाला. चारही वाक्यें मोठ्यानें म्हणावीं. ज्याला स्वतःलाच हंसूं आवरत नाहीं त्यानें दुसरा शब्द शोधावा. शिवाय पुढें ‘राव’ किंवा ‘भाऊ’ लावूनही म्हणून पाहावें. कारण मूल साठ वर्षांचें होईल तेव्हांही तेंच नांव त्याच्या दारावर राहणार आहे.

आतां मी ज्या गोष्टीसाठीं हें भाषण करण्याचें कबूल केलें तिच्याकडे वळतों. शहरांतले लोक दुर्मीळ, अर्थपूर्ण आणि एका शब्दाचें नांव शोधीत फिरतात. अशीं नांवें आमच्या सातपुड्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलीं आहेत, आणि तीं मात्र खोडलीं जात आहेत. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत मूल ज्या वारीं जन्मलें त्या वाराचें नांव त्याला देण्याची चाल आहे. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या हीं नांवें ऐकतांच कळतात. ‘दित्या’ आणि ‘थावऱ्या’ हीं मात्र मैदानांतल्या माणसाला अगम्य वाटतात. दित्या म्हणजे दितवारीं, अर्थात् रविवारीं जन्मलेला. दितवार हा आदित्यवार. थावर म्हणजे शनिवार. शनी हा मंदगति ग्रह म्हणून तो स्थावर, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति सांगतात.

आमच्या शाळेंत एका बापानें आपल्या मुलाला पहिलींत घालण्यासाठीं आणलें. मुलगा बापाच्या धोतराच्या आड उभा. दाखलखारीज रजिस्टर पुढें घेऊन मी बसलों होतों. बापानें ‘दित्या’ असें नांव सांगितलें. शेजारीं बसलेले सहशिक्षक, मनानें सज्जन गृहस्थ, म्हणाले, “दित्या हें काय नांव झालें? दिलीप लिहा. पोराचें पुढें बरें होईल.” बाप कांहींच बोलला नाहीं, साहेबांनीं जें लिहावें तें त्याला मान्य होतें. मीं सहशिक्षकांना विचारलें, “आपल्या नातवाचें नांव काय?” ते म्हणाले, “आदित्य.” मीं म्हटलें, “मग याचेंही तेंच आहे. आपण तें पुण्याच्या शाळेंत शिकलां, हा तोरणमाळच्या वाटेवर शिकला.” मीं रजिस्टरांत ‘दित्या’ असेंच लिहिलें आणि बापाला वाचून दाखविलें.

हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाहीं. शाळेनें ‘सुधारलेलें’ नांव दाखल्यावर राहतें, घरचें नांव सातबाऱ्यावर राहतें. पुढें मुलाला जातीचा दाखला हवा असतो आणि तो पडताळून घ्यावयाचा असतो, तेव्हां कचेरींत वडिलांच्या व आजोबांच्या शाळेचे जुने दाखले मागतात. आजोबा कागदावर एक, बाप दुसरा, आणि घरांत दोघांनाही तिसऱ्याच नांवानें हांक मारतात. मग हीं माणसें एकच हें सिद्ध करण्यासाठीं प्रतिज्ञापत्रें करावीं लागतात आणि मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. एका शिक्षकानें चांगल्या हेतूनें खोडलेली दोन अक्षरें अशीं तिसऱ्या पिढीला भोंवतात.

नांव बदलण्याला माझा सरसकट विरोध आहे असें मात्र समजूं नये. सातारा जिल्ह्यांत ज्या मुलींचीं नांवें ‘नकोशी’ अशीं ठेवलीं गेलीं होतीं, त्यांपैकीं २८५ मुलींना २०११ सालीं समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. तें योग्यच झालें. तो शब्द रोज त्या मुलीला तिच्या जन्माचें दुःख ऐकवीत होता. मुलग्यांच्या नांवांत असे हीन वाटणारे शब्द येतात ते निराळ्या कारणानें. दगडू, धोंडू, केरू, भिकू हीं नांवें मूल नकोसें झालें म्हणून नव्हे, तर तें जगावें, त्याला दृष्ट लागूं नये, काळानें त्याच्याकडे पाहून तोंड फिरवावें म्हणून ठेवलेलीं. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यांत जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत. महर्षि धोंडो केशव कर्वे १८५८ सालीं जन्मले आणि १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न मिळालें. ‘धोंडो’ हें नांव ऐकून आतां कोणाला धोंडा आठवतो?

आपल्या तळोदें तालुक्यांतल्या मोरवडचें उदाहरण याहूनही विलक्षण आहे. १९३७-३८ च्या सुमारास तेथें एका भिल्ल साधुपुरुषानें मोठी चळवळ उभी केली. दारू सोडा, स्नान करा, स्वच्छ राहा, आरतीला या, असा त्यांचा उपदेश. आणि हजारों आदिवासी त्यांच्या दर्शनास लोटत. त्यांना लोक गुलाम महाराज म्हणतात. ‘गुलाम’ आणि ‘महाराज’ हे दोन शब्द कोशांत एकमेकांच्या इतके विरुद्ध आहेत कीं ते शेजारीं लिहितांना लेखणी थबकावी. आणि या गुलाम नांवाच्या माणसानें अनुयायांना काय शिकविलें? एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्यांना सावकारापासून शिपायापर्यंत सर्वांनीं ‘अरे’ म्हणून हांक मारली, त्यांनीं परस्परांना आदरार्थी बहुवचनानें संबोधावें, लहानथोर सर्वांनीं. त्या पंथाला आपधर्म असेंच नांव पडलें. सर्वनामाचा एवढा मोठा उपयोग केलेला माझ्या व्याकरणांत तरी दुसरा नाहीं.

शेवटीं, ज्या नांवावांचून नंदुरबारांत या विषयावर बोलणेंच पुरें होणार नाहीं तें नांव. शिरीष. हुतात्मा शिरीषकुमार मेहता यांचा जन्म नंदुरबारच्या एका गुजराती व्यापारी कुटुंबांत २८ डिसेंबर १९२६ रोजीं झाला. वडिलांचें नांव पुष्पेंद्र, आईचें सविता. पुष्पेंद्राच्या घरीं मुलगा झाला आणि त्याचें नांव फुलाचें ठेविलें. तें ठेवतांना घरच्यांनीं काय काय विचार केला तें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं, पण बापलेकांचीं नांवें शेजारीं ठेवलीं म्हणजे तीं एका वेलीवरचीं वाटतात. जुन्या शास्त्राप्रमाणें पाहिलें तर मुलासाठीं तें नांव चुकीचेंच! मुलग्याचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें, त्याचा आरंभ घोष व्यंजनानें व्हावा, विषम अक्षरांचीं नांवें मुलींसाठीं, असें गृह्यसूत्रकार सांगतात. ‘शिरीष’ तीन अक्षरी आणि ‘श’ हा अघोष.

अर्थही तसाच कोमल. संस्कृत कवींनीं शिरीषाच्या फुलाला नाजुकपणाची परिसीमा मानली आहे. कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत पार्वती तपाला निघते तेव्हां मेना तिला परावृत्त करण्यासाठीं हेंच फूल पुढें करते: भुंग्याच्या पायाचा भार तें सोसेल, पण पांखरू बसलें तर सोसणार नाहीं. पार्वती अर्थात् ऐकत नाहीं.

९ सप्टेंबर १९४२. मुंबईंत ‘छोडो भारत’चा पुकारा होऊन एक महिना झाला होता. नंदुरबार तेव्हां पश्चिम खानदेशांत होतें. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. शाळकरी मुलांची मिरवणूक गांवांतून निघाली, पोलिसांनीं ती अडविली, आणि गोळीबार झाला. पोलिस अधिकाऱ्यानें मिरवणुकींतल्या मुलींवर बंदूक रोखली, तेव्हां हातांत झेंडा घेतलेला शिरीष पुढें झाला आणि गोळी घालायची तर मला घाला असें म्हणाला, असें येथें घरोघरीं सांगतात. त्याचें वय पंधरा वर्षें आणि आठ महिने. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही त्या दिवशीं गेले. या पांच नांवांकडे मास्तराच्या डोळ्यांनीं पाहावें. चार नांवें त्या काळच्या रीतीचीं: कोणी दास, कोणी लाल, एक शशिधर, म्हणजे चंद्र धारण करणारा शंकर. पांचवें मात्र नुसतें एका झाडाचें.

गांवांत त्यांचें स्मारक आहे. नंदुरबारच्या मुलाला ‘शिरीष’ म्हटलें म्हणजे प्रथम तें आठवतें, फूल मागाहून. आणि पुष्कळांना फूल आठवतच नाहीं, कारण त्यांनीं तें पाहिलेलें नसतें. मुलांना शिरीष म्हणजे काय असें विचारलें, तर ‘शूर’ असें उत्तर मला वर्गांत मिळालेलें आहे. कोशाप्रमाणें तें चूक. मीं त्याला पूर्ण गुण दिले.

एक सांगावयाचें राहिलें. नांव सुचत नाहीं म्हणून जन्माची नोंद थांबवूं नये. १९६९ च्या कायद्याप्रमाणें नोंद एकवीस दिवसांच्या आंत करावी. नांव मागाहून घालतां येतें, बारा महिन्यांपर्यंत शुल्कावांचून आणि पुढें विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढें सर्वत्र जन्मदाखलाच लागणार आहे, म्हणून त्यावरील अक्षरें, मराठी व इंग्रजी दोन्ही, स्वतः वाचून घ्यावीं. आणि ज्यांच्या मनांत ‘शिरीष’ हें नांव असेल त्यांनीं चैत्र-वैशाखांत संध्याकाळीं तें झाड पाहून यावें. फुलें म्हणजे नुसते फिक्या पिवळ्या रेशमी धाग्यांचे झुबके. वास दिवस मावळल्यावर अधिक येतो. लांकूड टणक असतें. वैद्यांनीं या झाडाला विष उतरविणाऱ्या औषधांत पहिला मान दिला आहे. पुढें पानें गळतात, पण वाळलेल्या शेंगा फांद्यांना तशाच लोंबत राहतात आणि वारा सुटला कीं खुळखुळ्यासारख्या वाजतात.